पिशवी राखून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया

केज किंवा गंगाखेडसारख्या तालुक्यातली सत्तावीस वर्षांची एखादी सून, नवऱ्याशी संबंध आल्यानंतर दोन-तीनदा अंगावरून लाल गेले म्हणून दवाखान्यात जाते. डॉक्टर तपासतात तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाशी एक खरबरीत, स्पर्श होताच रक्त येणारी जागा दिसते, तिचा कणभर तुकडा तपासणीला पाठवला जातो आणि आठ-दहा दिवसांनी आलेल्या अहवालात कर्करोग असे लिहिलेले असते. घरी ओसरीवर बैठक बसते आणि तिथे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "पिशवी काढून टाका, जीव तर वाचंल." ते वाक्य बोलणारे तिचे वैरी नसतात, घाबरलेली, तिच्यावर जीव असलेली माणसेच ती असतात. तिच्या मनातला प्रश्न मात्र ओसरीवर निघत नाही. तो ती दवाखान्यात, सगळे पांगल्यावर, हळू आवाजात विचारते: "सिस्टर, मला लेकरू व्हईल का?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की आजार अगदी सुरुवातीचा असेल, गाठ लहान असेल आणि गर्भाशयाच्या तोंडापुरतीच असेल, तर आज कर्करोग काढूनही गर्भाशय राखता येते आणि त्याच गर्भाशयात पुढे मूल वाढू शकते. हे सगळ्यांना लागू होत नाही. कोणाला लागू होते ते मोजमापाने ठरते, आणि एकदा पिशवी काढून झाली की त्या मोजमापाचा काही उपयोग उरत नाही. म्हणून ही माहिती घरातल्यांपर्यंत पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी पोहोचली पाहिजे, आणि हा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

गर्भाशय म्हणजे उलटा धरलेला चंबू आहे अशी कल्पना करावी. चंबूचे रुंद पोट वर असते, गर्भ वाढतो तो तिथे. निमुळती मान खाली असते आणि ती योनिमार्गात उघडते. या मानेलाच गर्भाशयमुख किंवा गर्भाशयग्रीवा म्हणतात आणि बोलीत आपण तिला पिशवीचे तोंड म्हणतो. तिची लांबी साधारण ३ सेंटीमीटर असते. गरोदरपणात नऊ महिने घट्ट मिटून राहणे आणि बाळंतपणाच्या वेळी उघडणे ही तिची मोठी कामे. बीजांडकोष, म्हणजे ज्यांत स्त्रीबीज तयार होते आणि ज्यांच्या संप्रेरकांवर पाळी चालते ते दोन अवयव, या मानेपासून दूर, गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना असतात. मूल वाढते ते पोटात आणि कर्करोग सुरू होतो तो मानेत, या साध्या रचनेवरच पुढचा सगळा विचार उभा आहे.

मानेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचे अस्तर आणि आतल्या नळीचे अस्तर वेगवेगळे असते, आणि ही दोन अस्तरे जिथे एकमेकांना भेटतात त्या कडेवर बहुतेक वेळा हा आजार उगवतो. त्याचे कारण ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही हा विषाणू. त्याच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत ठरतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउजन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो आणि इतका सर्वसामान्य आहे की बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन आपोआप जातही असतो. त्यामुळे कोणाच्या चारित्र्याशी त्याचा संबंध जोडणे हा अन्याय आहे, आणि ही गोष्ट नवऱ्याला व सासरच्यांना डॉक्टरांनी आपणहून सांगावी असे मला वाटते. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये विषाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्यांच्यात पेशी बदलत जातात. निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीत या प्रवासाला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात.

आता मोजमापाकडे येऊ. या कर्करोगाची अवस्था ठरवण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, ती २०१८ साली सुधारण्यात आली आणि तिच्या पहिल्या पायऱ्या अक्षरशः मिलिमीटरमध्ये आहेत. अस्तराखाली कर्करोग ३ मिलिमीटरपेक्षा कमी खोल गेला असेल तर ती १ए१ अवस्था. ३ ते ५ मिलिमीटरच्या आत असेल तर १ए२. त्याहून खोल गेला असला तरी गाठ २ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर १बी१. २ ते ४ सेंटीमीटरच्या दरम्यान असेल तर १बी२, आणि ४ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर १बी३. या सर्व अवस्थांमध्ये आजार गर्भाशयाच्या मानेपुरताच असतो. ३ मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढेही नव्हे, २ सेंटीमीटर म्हणजे गावरान बोर आणि ४ सेंटीमीटर म्हणजे लिंबू. ज्वारीच्या दाण्यापासून बोरापर्यंतच्या या टापूत पिशवी राखण्याचा विचार मोकळेपणाने करता येतो. बोराच्या पुढे तो अवघड होत जातो आणि लिंबाएवढी गाठ झाल्यावर त्याचा विचार केला जात नाही.

डोळ्यांना न दिसणारा, केवळ सूक्ष्मदर्शकाखाली सापडणारा आजार मोजायचा कसा, तर त्यासाठी कोन बायोप्सी करतात. मानेच्या टोकाचा शंकूच्या आकाराचा भाग, ज्यात संशयित जागा पूर्णपणे येते, भूल देऊन एकसंध काढला जातो. हा तुकडा बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसतो, पण त्याच्यावर पुढचे सगळे अवलंबून असल्यामुळे तो फार जपून हाताळावा लागतो. घड्याळाच्या बाराच्या आकड्याची जी जागा, तिथे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दोऱ्याचा एक टाका घालून ठेवतात, म्हणजे प्रयोगशाळेत तुकडा पोहोचल्यावर त्याची वरची बाजू कोणती हे कळते. तिथे त्याच्या कापलेल्या कडांना शाई लावतात, मग त्याच्या पातळ चकत्या करतात आणि कर्करोगाच्या पेशी त्या शाईपर्यंत पोहोचल्या आहेत का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शाईच्या कडेला निरोगी पेशी असतील तर अहवालात 'मार्जिन फ्री' किंवा 'निगेटिव्ह मार्जिन' असे शब्द येतात. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांत व लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला लसिका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, कर्करोगाच्या पेशी शिरल्या आहेत का. अहवालात ती बहुतेकदा एलव्हीएसआय या चार अक्षरांत लिहिलेली असते. ही चार अक्षरे आणि त्यांच्यापुढे 'आहे' की 'नाही' काय लिहिले आहे, हे प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांकडून समजावून घ्यावे, कारण शस्त्रक्रिया किती मोठी करायची ते पुष्कळ अंशी त्यावर ठरते.

आजार १ए१ अवस्थेत असेल, कडा मोकळ्या असतील आणि वाहिन्यांत पेशी शिरलेल्या नसतील, तर लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे या नळ्यांच्या वाटेवर असणाऱ्या लहान गाठींपर्यंत, आजार गेलेला असण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. अशा तरुण स्त्रीला निदानासाठी केलेली ही कोन बायोप्सी हाच पुरेसा उपचार ठरू शकतो. म्हणजे ओसरीवर ज्या पिशवीचा निकाल लागत होता ती जागच्या जागी राहते, मान थोडी आखूड होते एवढेच. कडा मोकळ्या नसतील तर पुन्हा एकदा कोन काढावा लागतो.

त्यापुढची पायरी, म्हणजे गाठ थोडी मोठी पण २ सेंटीमीटरपर्यंतच असेल तेव्हाची, फार काळ एकाच मार्गाने चढली जात होती आणि तो मार्ग म्हणजे संपूर्ण गर्भाशय, त्याच्या बाजूच्या ऊती आणि योनीचा वरचा भाग काढून टाकणे. १९८७ साली फ्रान्समधील लिऑन शहरात डॉ. दानिएल दार्जाँ यांनी वेगळा विचार केला. आजार मानेत आहे आणि तो पसरतो तेव्हा बहुधा बाजूच्या ऊतींत व लसिकाग्रंथींत जातो, वर पोटाच्या दिशेने सहसा नाही. तर मग मान, बाजूच्या ऊती आणि ग्रंथी काढाव्यात आणि वरचे पोट ठेवावे. त्यांनी ही शस्त्रक्रिया योनिमार्गातून केली आणि ग्रंथी दुर्बिणीने काढल्या. तिला रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी म्हणतात; रॅडिकल म्हणजे बाजूच्या ऊतींसह. 'ट्रॅकेलॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थही मान असाच आहे, म्हणून आपण तिला ग्रीवाछेदन म्हणू शकतो. पुढे पोटावर छेद घेऊन हीच शस्त्रक्रिया करण्याची पद्धतही रूढ झाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पहिले काम असते ते ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींचे. हिरवट चमकणारे किंवा निळे रंगद्रव्य मानेत टोचून, ते वाहत जाऊन सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचते ती पहारेकरी ग्रंथी शोधून काढतात. ती लगेच गोठवून, पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रुग्ण भूल देऊन टेबलावर असते, हातमोजे घातलेले डॉक्टर थांबलेले असतात आणि प्रयोगशाळेतून निरोप येईपर्यंतचा हा अर्धा-पाऊण तास सगळ्यांनाच जड जातो. ग्रंथीत कर्करोग सापडला, तर गर्भाशय राखण्याचा बेत तिथेच सोडून द्यावा लागतो, कारण मग आजार मानेपुरता राहिलेला नसतो आणि किरणोपचार व केमोथेरपी द्यावी लागते. ही शक्यता रुग्णाला आदल्या दिवशीच समजावून सांगायला हवी, आणि संमतीपत्रावर अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी ती तिला खरोखर कळली आहे का हे तिच्याच तोंडून ऐकायला हवे. ग्रंथी मोकळ्या निघाल्या, तर मानेचा बहुतेक भाग, बाजूच्या ऊती आणि योनीचा वरचा एक-दोन सेंटीमीटरचा काठ काढला जातो. मानेचा वरचा, पोटाला लागून असलेला साधारण एक सेंटीमीटर भाग राखला जातो आणि तो योनीला पुन्हा जोडला जातो. या भागात मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी इतकी जवळून जाते की हे काम रोजच्या सरावाच्या हातांनीच करावे.

मान काढल्यावर एक अडचण उरते. पिशवी राहिली, पण तिचे तोंड मिटून धरणारी मान गेली. मग नऊ महिने बाळ आत राहणार कसे? कापडी पिशवीचे तोंड आपण नाडीने आवळतो, तसे इथेही करावे लागते. गर्भाशयाच्या खालच्या टोकाभोवती न विरघळणाऱ्या धाग्याचा एक कायमचा टाका घातला जातो. हा टाका घालण्याची कल्पना आपल्याच मातीतली आहे, आणि हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली, वारंवार गर्भपात होणाऱ्या आणि मान सैल पडलेल्या स्त्रियांसाठी असा टाका जगापुढे मांडला. त्यांनी त्यासाठी मांडीच्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी वापरली होती. जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत तो आजही शिरोडकर टाका म्हणूनच ओळखला जातो. लिऑनची शस्त्रक्रिया आणि मुंबईची नाडी एकत्र आल्यावर या स्त्रियांच्या मांडीवर मूल येणे शक्य झाले.

हा मार्ग कोणाला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण खोटी आशा ही क्रूर गोष्ट आहे. ज्या स्त्रीला आणखी मूल नको आहे तिच्यासाठी हा खटाटोप नाही. गाठ मानेत इतकी वर सरकलेली असेल की पोटाच्या दारापासून एक सेंटीमीटरही निरोगी भाग सुटत नाही, तर राखण्यासारखे काही उरत नाही. हे अंतर एमआरआय तपासणीत मोजतात, म्हणून केवळ सोनोग्राफीवर निर्णय घेऊ नये. कर्करोगाचे काही प्रकार, विशेषतः लहान पेशींचा न्यूरोएंडोक्राइन प्रकार, गाठ लहान असतानाच दूर पसरतात. अशा प्रकारांत गर्भाशय राखण्याचा धोका पत्करत नाहीत. बोर आणि लिंबू यांच्या मधल्या आकाराच्या गाठींसाठी आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, असे प्रयत्न काही मोठ्या केंद्रांत होतात, पण ती अजून सर्वमान्य पद्धत नाही आणि त्यात धोका जास्त आहे.

दुर्बिणीने करायची की पोट उघडून, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात, आणि दुर्बीण म्हणजे आधुनिक व म्हणून चांगली असा सर्वसाधारण समज आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत संपूर्ण गर्भाशय काढण्याच्या रॅडिकल शस्त्रक्रियेच्या बाबतीत नेमके उलटे आढळले. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण ८६ टक्के होते, तर पोट उघडून झालेल्यांमध्ये ते ९६.५ टक्के. ही चाचणी ट्रॅकेलेक्टॉमीची नव्हती, तरीही तिच्यानंतर अनेक तज्ज्ञ इथेही सावध झाले. पोटावरचा व्रण लहान राहावा यासाठी आग्रह धरण्याआधी डॉक्टरांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

गर्भाशय राखल्यामुळे जीवाला धोका वाढतो का, हा नवऱ्याचा आणि आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तच आहे. योग्य निवड केलेल्या, २ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये या शस्त्रक्रियेनंतर आजार परतण्याचे प्रमाण साधारण चार-पाच टक्क्यांच्या आसपास आढळते, आणि ते संपूर्ण गर्भाशय काढल्यानंतरच्या प्रमाणाशी मिळतेजुळते आहे. गेल्या काही वर्षांत तर पुढचा प्रश्न विचारला जात आहे की कमी धोक्याच्या रुग्णांमध्ये बाजूच्या ऊती तरी काढायला हव्यात का. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १०० स्त्रियांवर तुलनेने लहान शस्त्रक्रिया झाल्या. काहींचा फक्त कोन व ग्रंथी काढल्या, काहींचे बाजूच्या ऊती न काढता गर्भाशय काढले. दोन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण साडेतीन टक्के होते. त्यांत गाठ २ सेंटीमीटरपर्यंत, कोनच्या कडा मोकळ्या आणि वाहिन्यांत पेशी नसणे अशा कडक अटी होत्या. त्या अटी बाजूला ठेवून फक्त आकडा घेतला तर फसगत होईल.

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे परत येऊ. पाळी पूर्वीसारखी येत राहते, कारण बीजांडकोष आणि गर्भाशयाचे पोट जागेवर असते. जखम भरावी आणि पहिल्या तपासण्या नीट निघाव्यात म्हणून गर्भधारणेसाठी सहसा सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमीनंतर ज्या स्त्रियांनी मुलासाठी प्रयत्न केले, त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांना दिवस गेले, असे अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसते. काहींच्या बाबतीत उरलेले तोंड आकसून इतके अरुंद होते की पाळीचे रक्त अडून पोटात दुखते किंवा शुक्रजंतू आत जाऊ शकत नाहीत. तेव्हा तोंड रुंद करावे लागते किंवा वंध्यत्वावरच्या उपचारांची मदत घ्यावी लागते. दिवस राहिल्यानंतर सर्वांत मोठी काळजी असते ती अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची. मानेतला चिकट स्राव जंतूंना अडवणारा बांध असतो, तो जवळपास गेलेला असतो, आणि मानेचा आधारही कमी झालेला असतो. एक तृतीयांशाहून अधिक बाळे मुदतीआधी जन्मतात, त्यांतली काही फार आधी. म्हणून अशा गरोदर स्त्रीची नोंदणी सुरुवातीपासून नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात व्हावी. शेवटच्या महिन्यांत ऊसतोडीला किंवा सोयाबीनच्या काढणीला तिला नेऊ नये. प्रसूती सिझेरियननेच करावी लागते, कारण नाडी कायमची आवळलेली असते. बाळंतपणासाठी माहेरी पाठवताना माहेरच्या गावातल्या डॉक्टरांच्या हाती ही सगळी हकीकत लेखी असायलाच हवी.

गर्भाशय राखणे शक्य नसेल तेव्हाही सगळे मार्ग बंद झालेले नसतात, पण ते उपचार सुरू होण्याआधी विचारावे लागतात. गर्भाशय काढले तरी तरुण स्त्रीचे बीजांडकोष बहुधा ठेवता येतात. किरणोपचार द्यायचे असतील तर बीजांडकोष आधी शस्त्रक्रियेने वर, किरणांच्या पट्ट्याबाहेर सरकवून ठेवता येतात, किंवा स्त्रीबीजे वा गर्भ गोठवून ठेवता येतात. किरण लागलेले गर्भाशय मात्र गर्भ पेलण्याच्या स्थितीत राहत नाही. भारतात २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार वैद्यकीय कारण असलेल्या विवाहित जोडप्याला, पैशांचा व्यवहार न करता, सरोगसीची परवानगी मिळू शकते. दत्तक घेणे हाही मार्ग आहे. खर्च आणि कागदपत्रे यांचा विचार करता यातले काहीच सोपे नाही.

मराठवाड्यात या विषयाची दुसरी एक बाजू आहे आणि ती लिहिताना हात जड होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास सहापैकी एकीची. अंगावरून पांढरे जाते, पाळीत पोट दुखते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रीला "काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले आहे. पांढरे जाणे हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. त्याच्या अगदी उलट दुसरी चूक असते: खरोखर कर्करोग असलेल्या स्त्रीची बायोप्सी न करताच साधी पिशवी काढली जाते, आणि नंतर अहवालात कर्करोग निघतो. तेव्हा बाजूच्या ऊती व ग्रंथी तपासायच्या राहून गेलेल्या असतात, दुसऱ्या शस्त्रक्रियेची किंवा किरणोपचारांची वेळ येते, आणि जिची पिशवी कदाचित राखता आली असती तिची तीही गेलेली असते. या दोन्ही चुका एकाच सवयीतून होतात: आधी काढायचे आणि मग तपासायचे.

आणि याच मराठवाड्यातल्या स्त्रियांनी जगाला उलटा धडा दिला आहे, हे आपल्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. शेजारच्या बार्शीत १९८७ सालापासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे आणि परंडा व भूम हे धाराशिव जिल्ह्यातले तालुकेही तिच्या कक्षेत येतात. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने, टाटा स्मारक केंद्राच्या आणि लिऑनमध्येच असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साहाय्याने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. काही समूहांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप स्मीअर म्हणजे मानेवरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, काहींत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि एका गटात नेहमीचीच आरोग्यसेवा, अशी विभागणी होती. या शेवटच्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे जी टीका झाली ती मला योग्य वाटते. २००९ साली आलेल्या निष्कर्षानुसार आयुष्यात फक्त एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगातल्या अनेक देशांच्या तपासणी धोरणांमागे धाराशिवच्या या स्त्रियांचा पुरावा उभा आहे.

पिशवी राखण्याच्या शस्त्रक्रियेचा आणि या तपासणीचा संबंध सरळ आहे. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असताना त्रास होत नाही, रक्त जात नाही, काही दुखत नाही. ती सापडते ती फक्त तपासणीत. सरकारी कार्यक्रमात उपकेंद्रावर व आरोग्य मंदिरात ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी ही तपासणी मोफत आहे आणि आशाताई तिची तारीख सांगतात. आपल्याकडे लग्ने लवकर होतात, त्यामुळे तिशीची वाट न पाहता संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे किंवा वास येणारा लालसर स्राव ही लक्षणे दिसताच कोणत्याही वयात तपासून घ्यावे. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी तर पंचविशीपासूनच तपासणी सुरू करावी.

निदान झालेच, तर घाईने गावातल्या शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी स्त्रियांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना एकदा दाखवावे. बार्शी, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा देवगिरी एक्स्प्रेसने एका रात्रीत गाठता येणारे परळचे टाटा रुग्णालय ही नावे आपल्याकडे लोकांना माहीत आहेत. यासाठी लागणाऱ्या दोन-तीन आठवड्यांत सुरुवातीच्या अवस्थेतला हा आजार सहसा हाताबाहेर जात नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे आणि शिधापत्रिका व आधार सोबत ठेवावे. अहवालाच्या कागदाइतकीच महत्त्वाची दुसरी एक वस्तू असते, ती म्हणजे बायोप्सीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा लहानसा ठोकळा आणि काचेच्या पट्ट्या. पहिल्या प्रयोगशाळेत जाऊन त्या मागून घ्याव्यात, फुटू नयेत म्हणून कापसात गुंडाळाव्यात, कारण मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा पाहिल्या जातात आणि मिलिमीटरचा आकडा कधीकधी बदलतो. आणि डॉक्टरांच्या खोलीत नवरा व आत्याबाई बरोबर असल्या तरी, त्यांना दहा मिनिटे बाहेर बाकावर बसवून, तिने एकटीने आत जावे. माझी स्टेज कोणती, एलव्हीएसआय आहे की नाही, आणि माझी पिशवी ठेवता येईल का, हे तिथे तिने स्वतः, नेहमीच्या आवाजात विचारावे.